आग विझते, प्रश्न धुमसत राहतात

दर वर्षी १४ एप्रिल रोजी मुंबई अग्निशमन दल आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देते. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. आग विझविण्याची शर्थ चालू असतानाच दोन प्रचंड स्फोट झाले आणि दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह या घटनेच्या स्मृतीतून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या दुर्घटनेची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. महायुद्धाचा काळ असल्याने सरकारने या बातमीवर कडक निर्बंध घातले. जपानच्या प्रभावाखालील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी मुंबईतील स्फोटांचे वृत्त प्रसारित केले. मुंबईतील वार्ताहरांना मात्र सविस्तर वृत्त पाठविण्याची परवानगी मिळण्यासाठी मे महिना उजाडावा लागला.

बातमी अडवून घटना झाकली गेली नाही. अर्ध्या शहराने धुराचे लोट पाहिले होते, स्फोटांचे हादरे अनुभवले होते. झाले ते एवढेच, की मुंबईत काय घडले हे सांगण्याचे काम मुंबईऐवजी शत्रुपक्षाच्या नभोवाणीने केले. युद्धकाळातील त्या गुप्ततेला निदान संरक्षणाचे कारण होते. आज तसे कारण उरलेले नाही. तरीही मोठ्या आगीनंतरच्या पहिल्या काही तासांत आपल्या महानगरांतील अग्निशमन यंत्रणा एक तर मौन पाळतात, किंवा कोणीतरी घाईने काहीतरी बोलून जातो आणि पुढचे अनेक दिवस ते निस्तरण्यात जातात. आपत्तीच्या वेळी लोकांशी आणि माध्यमांशी कसे बोलावे, हा विषय आपल्याकडे अजूनही 'जनसंपर्क' या दुय्यम खात्यात मोडतो. वस्तुतः तो आगीशी झुंजण्याच्या कामाचाच भाग आहे.

सरकारी गणवेशांपैकी सर्वांत निर्विवाद आदर कोणाच्या वाट्याला येत असेल, तर तो अग्निशमन जवानाच्या. पोलिसाला पाहून सामान्य माणूस थोडा बिचकतो, पालिकेच्या अन्य कर्मचाऱ्यांविषयी त्याच्या तक्रारी असतात. बंबाची घंटा ऐकली की मात्र त्याला धीर येतो. हा आदर जाहिरातींतून आलेला नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत इमारतीचा भाग कोसळला आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी त्यात सापडले. संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा जागीच मृत्यू झाला. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी त्याच महिन्यात उपचारांदरम्यान प्राण सोडले. ज्या दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा राहतो, त्या दलाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही.

परंतु हा आदर जवानांनी मिळविलेला आहे, आणि त्यावर जगते ती संस्था. जवानाचे शौर्य आणि संस्थेची कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मात्र संस्थेविषयी प्रश्न विचारला की उत्तरादाखल शौर्य पुढे केले जाते. बंब पोहोचण्यास वेळ का लागला, असे विचारणारा नागरिक किंवा बातमीदार जवानांचा अपमान करीत असल्याचे भासविले जाते. या पवित्र्याने काही दिवस निभावतात. पुढे मात्र जवानांच्या बलिदानाचाच वापर ढालीसारखा होत असल्याची भावना लोकांत मूळ धरते आणि त्यात सर्वाधिक नुकसान जवानांचेच होते.

मुंबईच्या बाबतीत ही अडचण अधिक गुंतागुंतीची आहे, कारण येथे अग्निशमन दलाच्या भूमिका एकाहून अधिक आहेत. आग विझविणे हे त्याचे काम आहेच. त्याशिवाय इमारतींना, उपाहारगृहांना, रुग्णालयांना अग्निसुरक्षेचे ना-हरकत प्रमाणपत्र तेच देते. आग लागल्यावर तिच्या कारणांचा अहवालही तेच तयार करते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला, तेव्हा या तिन्ही भूमिका एकमेकींत गुंतल्या. शेजारच्या उपाहारगृहातील हुक्क्याच्या निखाऱ्यांतून आग भडकल्याचा प्राथमिक निष्कर्ष दलाने काढला. त्याच प्रकरणात, परवानगी देताना हलगर्जी केल्याच्या आरोपावरून दलाच्याच एका अधिकाऱ्याला अटक झाली. पुढे निवृत्त न्यायमूर्ती सावंत यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समितीही नेमावी लागली. परवाना देणारा, आग विझविणारा आणि आगीचे कारण सांगणारा एकच असेल, तर त्याने सांगितलेले कारण कितीही अचूक असो, ऐकणाऱ्याच्या मनात किंतु राहणारच.

हा किंतु वाढविण्याचे काम एका नेहमीच्या वाक्याने केले आहे. 'प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचे समजते' हे वाक्य वृत्तपत्रांच्या वाचकांना इतके पाठ झाले आहे, की ते वाचले तरी वाचल्यासारखे वाटत नाही. धूर ओसरण्यापूर्वी, विद्युत निरीक्षकाने घटनास्थळी पाऊल ठेवण्यापूर्वी हे कारण जाहीर होते. बातमीदाराला रात्रीच्या आवृत्तीसाठी कारण हवे असते, अधिकाऱ्याला कटकट नको असते. दोघांच्याही सोयीचे असे हे उत्तर आहे. पुढे चौकशीत भलतेच कारण निघाले तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, बहुधा येतही नाही. 'कारण अद्याप ठाऊक नाही, तपासणी पूर्ण झाल्यावर सांगू' असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट, ठरलेल्या दिवशी खरोखरच ते सांगितले गेले, तर पुढच्या वेळी त्याच अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

पूर्वी घटनास्थळाचे चित्र लोकांपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रातून पोहोचत असे. आता ते बंबाच्या आधी पोहोचते. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलातील आगीत २२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतांश शिकवणीला आलेली मुले होती. वरच्या मजल्यांवरून उड्या घेणारी मुले देशाने मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. शिड्या पुरेशा उंच का नव्हत्या, मुलांना झेलण्याची सोय का नव्हती, हे प्रश्न विचारण्यासाठी कोणाला तज्ज्ञ असण्याची गरज उरली नव्हती. त्या प्रकरणात दोन अग्निशमन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. अशा चित्रफितीसमोर 'आमच्या जवानांनी शर्थीचे प्रयत्न केले' हे निवेदन दुबळे ठरते. वर्दी किती वाजता मिळाली, पहिला बंब किती वाजता पोहोचला, कोणते साहित्य सोबत होते आणि कोणते नव्हते, इतके चार तपशील मात्र टिकतात. ते प्रतिकूल असले तरी टिकतात, कारण चित्रफितीतून जे दिसते त्याच्याशी ते विसंगत नसतात.

मौनाइतकाच धोका अनावश्यक बोलण्यातही आहे. १४ मार्च २०२५ च्या रात्री दिल्ली उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायाधीश यशवंत वर्मा यांच्या सरकारी निवासस्थानातील एका खोलीला आग लागली. ती विझविण्याचे काम तसे साधेच होते. आठवडाभराने तेथे रोख रक्कम सापडल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर खळबळ उडाली. जवानांना तेथे रोकड आढळली नाही, असे दिल्ली अग्निशमन सेवेच्या प्रमुखांच्या हवाल्याने वृत्त आले. त्यानंतर, आपण असे म्हटलेच नव्हते, असा खुलासा त्यांनी केला. २२ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत जळालेल्या नोटांची दृश्ये होती. आपला अथवा आपल्या कुटुंबाचा त्या रकमेशी संबंध नसल्याचे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. त्या प्रकरणाचे न्यायालयीन आणि संसदीय पैलू स्वतंत्र आहेत. अग्निशमन सेवेपुरता धडा असा, की तोंडी प्रतिक्रिया आणि लेखी निवेदन यांतील फरक न पाळल्यास आग विझविणारी यंत्रणाच वादाच्या केंद्रस्थानी ओढली जाते. त्या दिवशी एक सही केलेले, वेळ घातलेले चार ओळींचे पत्रक असते, तर कोण काय म्हणाले हा प्रश्न उद्भवलाच नसता.

संस्थेची प्रतिष्ठा राखण्याचा अट्टहास तिच्याच मुळावर कसा येतो, याचे लख्ख उदाहरण लंडनने दिले. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीच्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. एका सदनिकेतील आग त्याच सदनिकेत रोखता येते, या गृहीतकावर लंडन अग्निशमन दलाचे 'घरातच थांबा' हे धोरण आधारलेले होते. इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही आवरणामुळे ते गृहीतक काही मिनिटांतच कोसळले, पण रहिवाशांना दिलेली सूचना वेळीच बदलली गेली नाही. त्या रात्री दलाने जे केले त्यात आपण काहीही बदल करणार नाही, असे तत्कालीन आयुक्त डॅनी कॉटन यांनी चौकशीसमोर सांगितले. आपल्या सहकाऱ्यांचे मनोधैर्य टिकावे, अशी त्यामागची भावना असू शकते. ज्यांचे आप्त 'घरात थांबा' हे ऐकून थांबले आणि गेले, त्यांच्या कानावर मात्र ते वाक्य वेगळ्याच अर्थाने पडले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा पहिला अहवाल आला. त्यात जवानांच्या धैर्याची नि:संदिग्ध प्रशंसा होती. त्याच अहवालात दलाच्या पूर्वतयारीवर कठोर टीका होती आणि आयुक्तांचे ते विधान असंवेदनशील ठरविले गेले होते. ही संस्था धडे शिकणार नाही, अशी भीती त्यातून निर्माण होते, असा अहवालाचा रोख होता. डिसेंबर २०१९ मध्ये कॉटन यांनी नियोजित मुदतीआधीच पद सोडण्याचे जाहीर केले. जवानांचा आदर शाबूत राहिला आणि संस्थेचा गेला, यातील विरोधाभास पाहण्यासारखा आहे. त्याच दलाने पुढे वेगळा मार्ग निवडला. एका प्रशिक्षणार्थीच्या आत्महत्येनंतर नवे आयुक्त अँडी रो यांनी दलाच्या अंतर्गत संस्कृतीची चौकशी माजी सरकारी वकील नझीर अफझल यांच्याकडे सोपविली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या अहवालाने दलात वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष संस्थेच्या पातळीवर मुरलेला असल्याचे सांगितले. रो यांनी तो नाकारला नाही, शिफारसी स्वीकारल्या. नाचक्की झालीच, पण ती स्वतःच्या हाताने उघड केलेल्या सत्यामुळे झाली. दडविलेले उघडकीस येण्यापेक्षा ती सुसह्य असते.

माहिती खुली केल्याने हुतात्म्यांचा मान कमी होतो, ही भीतीही अनुभवाने खोटी ठरविली आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. बचलेल्या शेकडो जवानांचे आणि वैद्यकीय साहाय्यकांचे अनुभव दलाने नोंदवून ठेवले होते. ते प्रसिद्ध करण्यास शहर प्रशासन तयार नव्हते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने न्यायालयात दाद मागितली आणि अखेर ऑगस्ट २००५ मध्ये हजारो पानांचा तो मजकूर जनतेसमोर आला. जवानांचे रेडिओ संच नीट चालत नव्हते, माघारीच्या सूचना अनेकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, हे त्यांच्याच शब्दांत नोंदले गेले. ते वाचून कोणाच्याही मनातील आदर घटला नाही. सदोष साधनांनिशी हे लोक वर चढत होते, हे कळल्यावर तो वाढलाच. साधनांबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी मात्र योग्य माणसांच्या दारी पोहोचली.

महाराष्ट्रातील शहरांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अगदी साधी आहे. मोठ्या आगीच्या ठिकाणी आग विझविण्याचे नेतृत्व करणारा अधिकारी आणि माध्यमांशी बोलणारा अधिकारी वेगळे असावेत. धुराने काळवंडलेल्या चेहऱ्यापुढे ध्वनिक्षेपकांचे जंगल उभे करून नेतृत्वाचे लक्ष विचलित करणे हा वाहिन्यांचाही अपराध आहे आणि तशी वेळ येऊ देणे हा यंत्रणेचा. बोलणाऱ्या अधिकाऱ्याला प्रशिक्षण हवे, अधिकार हवा आणि निवेदनाची ठरावीक वेळ हवी. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण न करता नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी माहिती द्यावी, असा नियम केबल वाहिन्यांसाठी २०१५ मध्ये करण्यात आला. २६/११ च्या हल्ल्यावेळी झालेल्या बेबंद प्रक्षेपणाचा अनुभव त्यामागे होता. आगीच्या प्रसंगी प्रक्षेपणबंदीची आवश्यकता नाही. नियुक्त अधिकारी आणि ठरावीक वेळ, एवढा भाग मात्र कोणत्याही नियमाविना उद्यापासून अमलात आणता येईल.

दुसरी गोष्ट क्रमाची. मृताचे नाव वाहिनीवर झळकण्याआधी त्याच्या घरच्यांना कळले पाहिजे. मग तो रहिवासी असो वा जवान. घटनास्थळी येणारे मंत्री, नगरसेवक आणि वरिष्ठ अधिकारी आपापल्या परीने आकडे सांगतात, आणि रात्रभर बळींची संख्या वरखाली होत राहते. आकडा एकाच ठिकाणाहून यावा, हा शिस्तीचा भाग आहे. राजकीय नेतृत्वाने सांत्वन करावे, घोषणा कराव्यात. आगीचे कारण आणि हानीचा तपशील सांगण्याचे काम मात्र ज्याचे त्याच्यावर सोडावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती आग नसतानाच्या दिवसांची आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. कोणत्या इमारतीने ते दिले आणि कोणत्या इमारतीने दिले नाही, ही माहिती तेथे राहणाऱ्याला सहज मिळायला हवी. माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक यंत्रणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातलेले आहेच. मोठ्या आगींचे चौकशी अहवालही याच न्यायाने खुले व्हावेत. रिक्त पदे, बंद पडलेल्या शिड्या, अपुरी केंद्रे यांविषयी दलानेच लोकांना विश्वासात घेतले, तर प्रशासनाकडे निधी मागताना लोक दलाच्या बाजूने उभे राहतील. आज हीच माहिती दुर्घटनेनंतर फुटते आणि दलाच्या विरोधात वापरली जाते.

यावर अधिकाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. बोललेला प्रत्येक शब्द पुढे न्यायालयात पुरावा म्हणून समोर येऊ शकतो, सेवानियम बोलू देत नाहीत, आणि चूक झाली तर वर कोणी पाठीशी उभे राहत नाही. मात्र वर्दीची वेळ, बंबांची संख्या, सुटका केलेल्यांचा आकडा ही नोंदवहीतील माहिती आहे. ती दडवून कोणाचाही बचाव होत नाही. दोष कोणाचा, हे सांगण्याची घाई कोणीच करू नये. सेवानियमांचा प्रश्न पालिका आयुक्तांच्या एका आदेशाने सुटू शकतो. तो आदेश निघत नाही, याचे कारण नियमांत नसून इच्छेत आहे.

माध्यमांनाही या चर्चेतून अंग काढून घेता येणार नाही. आगीच्या पहिल्या तासात कारण विचारायचे आणि सहाव्या महिन्यात अहवाल विचारायचा नाही, ही सवय वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची आहे. ज्वाळांचे दृश्य पुनःपुन्हा दाखविणाऱ्यांनी वर्षभराने त्याच इमारतीत जाऊन पाण्याची टाकी भरलेली आहे का, जिने मोकळे आहेत का, हे पाहिले असते, तर दलावरील दबाव योग्य दिशेने पडला असता.

या साऱ्याकडे प्रतिमेचा प्रश्न म्हणून पाहिले तर त्याचे गांभीर्य लक्षात येणार नाही. मुंबई, ठाणे, पुणे उभी वाढत आहेत. तीस-चाळीस मजल्यांच्या इमारतीत आग लागल्यावर 'जिन्याने खाली उतरा', 'लिफ्ट वापरू नका', 'आहात तेथेच थांबा, ओले कापड दाराशी लावा' यांपैकी एखादी सूचना क्षणार्धात पाळावी लागेल. धुराने भरलेल्या खोलीत मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दूरध्वनीवरचा आवाज जे सांगेल, ते खरे मानायचे की नाही, हे त्या क्षणी ठरत नाही. आधीच्या प्रत्येक आगीनंतर त्या आवाजाने किती खरे सांगितले होते, यावर ते ठरलेले असते. पुढच्या १४ एप्रिलला मानवंदना देताना, सरलेल्या वर्षातील मोठ्या आगींचे अहवालही त्याच दिवशी लोकांसमोर ठेवण्याची प्रथा मुंबईने पाडली, तर त्या ६६ जणांच्या स्मृतीला अधिक साजेसे होईल. त्यांच्या मृत्यूची हकीकत त्यांच्या शहराला वेळेवर सांगितली गेली नव्हती.